उलांडीकडची बाजू

बाबा,

आमच्या घरातला डिशवॉशर वारला. गेल्या आठवड्यात, जेवणं आटोपल्यावर, पोटात भांडी असतानाच त्याने एक दीर्घ हुंदका दिला आणि तो शांत झाला. त्याच्या पश्चात एक मायक्रोवेव्ह, एक टोस्टर आणि शोकाकुल मी असा परिवार आहे. मी कंपनीला फोन केला. फोनवरच्या बाईंनी आधी माझं सांत्वन केलं आणि मग इंजिनिअर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा यांच्या दरम्यान येईल असं सांगितलं. कुठल्या दिवशी, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ते सिस्टिममध्ये दिसत नाही. या देशाने अर्ध्या जगावर राज्य केलं ते बहुधा असंच केलं असणार. लोक पुढच्या दारात अपॉइंटमेंटची वाट बघत बसले आणि हे मागच्या दाराने आत शिरले. मी चार दिवस घरून काम केलं, मीटिंगमध्ये एक कान दारावर ठेवला, आणि प्रत्येक बेलला धावत गेले. दोनदा शेजाऱ्यांचं पार्सल होतं. एकदा एक सज्जन मला येशूबद्दल सांगायला आले होते. त्यांना मी विचारलं, तुम्हाला डिशवॉशरमधलं काही कळतं का? ते लगेच गेले.

तुम्हाला हे सगळं सांगताना हसू येतंय, कारण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भांडी घासूक यंत्र? आणि ता बंद पडला म्हणान रडतंस?" तुम्ही गेलात तेव्हा आपल्या मालवणच्या घरात मिक्सरसुद्धा नव्हता. आता तुमची मुलगी मिल्टन कीन्स नावाच्या गावात राहते. गाव म्हणजे गोलचक्करांची माळ आहे. सरळ असं कुठे जाताच येत नाही, प्रत्येक ठिकाणी आधी प्रदक्षिणा घालावी लागते. मी इथे सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टवर लोकांच्या मागे लागण्याचं काम करते, आणि फावल्या वेळात इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात लोकांना चिमटे काढते. त्यामुळे गणपतीत अध्यक्ष मला पहिल्या रांगेत बसवतात. आदराने नाही, भीतीने. आणि गंमत बघा, तुम्ही उभा जन्म बोटीवर काढलात, आणि तुमची मुलगी इंग्लंडात येऊन राहिली ती नेमकी अशा जागी, जिथून समुद्र चारी बाजूंना सारखाच लांब आहे.

पण पत्र लिहायला बसले ते डिशवॉशरसाठी नाही. म्हणजे, थोडं त्याच्यासाठीही आहे. ते पुढे कळेल. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या शनिवारी मी तुमच्या त्या होडीत बसून आले.

'तुमची ती होडी' म्हटलं की तुम्हाला दुसरी कुठली आठवणारच नाही. आम्हालाही नाही. तुम्ही वर्षाचे नऊ-दहा महिने बोटीवर, आणि घरी यायचात ते दोन महिने. दर सुट्टीत ती गोष्ट एकदा तरी व्हायचीच, आणि ती नेहमी स्वयंपाकघरातच व्हायची, कारण आई चुलीपाशी असायची आणि तिला वगळून सांगण्यात तुम्हाला मजा नव्हती. तुम्ही जमिनीवर पाट मांडता. एकावर मी, माझ्यासमोर तुम्ही. माझ्या हातात डाव, तुमच्या हातात उलथणं. आई म्हणते, "झाला सुरू. आमटी ढवळूक काय घेव आता?" आणि तुम्ही सुरू करता.

तुमचं जहाज खोबरं भरायला पॅसिफिकमधल्या त्या बेटावर गेलेलं. ताहितीच्या अलीकडचं, एवढंच तुम्ही सांगायचात. नाव दर वेळी वेगळं यायचं. इंजिनचा कुठलासा भाग मोडला आणि नवा येईपर्यंत जहाज तिथेच अडकलं. खोबऱ्याचा वास सगळीकडे, माडांची गर्दी, तांबूस माती. तुम्हाला वाटलं आपण फिरून मालवणलाच आलो की काय. आणि किनाऱ्यावर बघता तर होड्यांना उलांडी! आपल्या होड्यांना असते तशीच, होडीपासून हातभर लांब, आडव्या दांड्यांना बांधलेलं लाकूड, होडी कलंडू नये म्हणून. "माजे डोळे भरान इले गो," तुम्ही म्हणायचात. आई म्हणायची, "हयच्या उलांडीक बघून कधी भरले नाय ते."

त्या दिवशी गावाचा सण होता आणि गावाने जहाजावरच्या सगळ्यांना बोलावलेलं. खेळ होते. एक गुळगुळीत, तेल लावलेला धोंडा खांद्यावर उचलायचा. तुमच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, उचलला, आणि नंतर आठवडाभर तो तिरका चालत होता. उंच खांबाच्या टोकाला नारळ बांधलेला, त्यावर लांबून भाले फेकायचे. तुमच्या भंडाऱ्याचा, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्याचा, भाला सरपंचासारख्या दिसणाऱ्या एका माणसाच्या खुर्चीजवळ पडला. मग कावडीची शर्यत. कावड म्हणजे कावडच, खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना केळीचे घड आणि कसलीशी कंदमुळं, आणि पळायचं. तुम्ही पुढे होतात, हे दर वेळी सांगायचात. पण वाटेत तुमच्या घडातली केळी गळायला लागली, आणि अन्न पायदळी जाताना तुम्हाला बघवेना, म्हणून तुम्ही थांबून एकेक केळं वेचत बसलात. तुम्ही शेवटचे आलात तेव्हा त्या लोकांनी पहिल्यापेक्षा तुमच्यासाठी जास्त टाळ्या वाजवल्या. हे सांगताना तुम्ही आमच्याकडे असे बघायचात, जणू आम्हीही वाजवाव्यात. मी वाजवायची. आई कढई खाली उतरवायची.

आणि मग होड्यांची शर्यत. गावाच्या चार होड्या, आणि एक तुमची, खलाशांची. मागे सुकाणूचं वल्हं धरायला गावातला एक म्हातारा, पुढे तुम्ही पाच जण. सारंगाने हुकूम सोडला, "बसा रे." तुम्ही सगळे बसलात. लाइफबोटीच्या कवायतीत दर आठवड्याला बसायचात तसेच, शिस्तीत, पाठ पुढे आणि तोंड मागे. तुम्ही लहानपणापासून उलांडीच्या होडीत पुढे तोंड करूनच बसत आलेले, तुम्हाला कळायला हवं होतं. पण सारंगाने सांगितलं म्हणजे सांगितलं. म्हाताऱ्यासमोर पाच परके लोक त्याच्याकडे तोंड करून बसले आणि त्याच्या डोळ्यांत बघायला लागले.  त्याला वाटलं, ह्यांच्याकडे अशीच रीत असेल, पाहुण्याला कशाला टोका? शंख वाजला. आपल्याकडे शंख वाजला की आरती, तिथे शर्यत. तुम्ही पाच जणांनी सगळा जीव एकवटून वल्ही स्वतःकडे ओढली. गावाच्या चार होड्या पुढे गेल्या, आणि तुमची होडी, "माज्या आवशीची शपथ," तेवढ्याच वेगाने मागे गेली आणि वाळूत रुतली.

इथे तुम्ही पाटासकट मागे सरकायचात. इथे मी हसून हसून आडवी व्हायची. इथे आईसुद्धा पदर तोंडाला लावायची, प्रत्येक वेळी, आणि वर म्हणायची, "गेल्या वेळेक वाळूत नाय, दगडार आपटली हुती." मग म्हाताऱ्याने हातवारे करून तुम्हाला फिरवून बसवलं, आणि तुम्ही वल्हवत वल्हवत इतके उशिरा पोचलात, की जिंकलेले लोक तोवर गळ्यात फुलं घालून परत तुम्हाला आणायला पाण्यात उतरले होते.

शेवटी गोष्टीचा तो तुकडा यायचा, ज्यावर कुणीच हसायचं नाही. काठावर त्या म्हाताऱ्याच्या बायकोने तुमचा दंड धरून तुम्हाला एका होडीपाशी नेलं, हातात घासायला नारळाचं सोडण, वरची काथ्याची साल, दिलं, गोड्या पाण्याची बादली दाखवली आणि होडीकडे बोट केलं. हरलेल्यांनी जिंकलेल्यांची होडी धुवायची, असा तिथला नियम असणार, हे तुम्ही ओळखलंत. तुम्ही धुवायला घेतली. उजवी बाजू लख्ख केलीत. फिरून उलांडीकडे येताय, तोच जहाजाचा भोंगा झाला. इंजिनचा भाग आला होता, कप्तानाला भरती गाठायची होती. सोडण वाळूत टाकून तुम्ही पळालात. "हरलंव आनि होडीय धुवंक नाय," तुम्ही म्हणायचात, आणि उलथणं खाली ठेवायचात. "एक बाजू रवली गो. उलांडीकडची."

लहानपणी मला वाटायचं की हे गोष्टीचं शेपूट आहे, 'साठा उत्तराची कहाणी' असतं तसं. मग मोठी झाले आणि मला त्या शेपटाचा राग यायला लागला. कारण बाबा, तुमच्या राहून गेलेल्या गोष्टींची यादी लांब होती आणि त्यात होडीला जागा नव्हती. मी कितवीत आहे हे तुम्हाला प्रत्येक सुट्टीत नव्याने सांगावं लागायचं. मुंजीएवढ्या थाटात आईने केलेला माझा बारावा वाढदिवस तुम्ही सिंगापूरहून पाठवलेल्या बाहुलीवर उरकलात, आणि बाहुली पाच वर्षांच्या मुलीची होती. या कशाचीही चुटपुट तुम्ही बोलून दाखवली नाहीत. चुटपुट होती ती एका होडीच्या एका बाजूची, जगाच्या पार पलीकडे, जिथे तुम्ही आयुष्यातली एक दुपार काढलीत.

आणि मग कुडाळचा दवाखाना. मी पुण्याला नुकती नोकरीला लागलेली. आईचा निरोप आला आणि मी रात्रीच्या एसटीने निघून सकाळी तुमच्या खाटेपाशी पोचले. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत, हसलात. मी तुमच्या तोंडापाशी कान नेला. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं काहीतरी आता माझ्यासाठी बाहेर येईल असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "होडी धुवूची रवली." दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. एवढी वर्षं लोटली, मी लोकांवर हजार टोमणे लिहिले, पण त्या एका वाक्याला टोमणा सुचला नाही. घर आमचं, माणसं आम्ही, वाट बघणारे आम्ही, आणि शेवटच्या घडीला तुम्ही उभे होतात त्या वाळूवर. आम्ही कुठे कमी पडलो, एवढंच मला विचारायचं होतं. विचारायला माणूस उरला नव्हता.

आता गेल्या शनिवारचं. तुम्ही न पाहिलेली एक व्यक्ती आहे, तुमची नात. वीस वर्षांची. मँचेस्टरला शिकते, महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी घरी येते. तुमचा जावई सध्या पुण्याला त्याच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेलाय, म्हणून ती मला सोबत करायला आली होती. सोबत म्हणजे ती सोफ्यावर आडवी होते आणि मी तिच्यापुढे ताटं नेते. ती मराठी बोलते. तिच्या मराठीत सगळी माणसं पुरुष आहेत. स्त्री-पुरुष समानता आणायचा हा मार्ग आपल्या कुठल्या सुधारकाला सुचला नव्हता.

"आई, तळ्यावर ओपन डे आहे," ती म्हणाली. "आउटरिगर कनू. आजोबाचा स्टोरीतला. तू येतो का?"

"आजोबांच्या गोष्टीतली होडी मिल्टन कीन्सच्या तळ्यात काय करतेय?"

"माहीत नाही. फ्लोट करतोय. चल ना. आणि प्लीज, कॉलमवाला चेहरा नको करू."

कॉलमवाला चेहरा घेऊनच मी गेले. आणि बाबा, सामग्री भरपूर होती. तळ्याभोवती चक्कर मारायला एक निवांत दुपार पुरते, एवढं ते तळं. पण त्यात शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांचा एक क्लब आहे, आणि त्याचे सदस्य कप्तानाच्या टोप्या घालून क्षितिजाकडे बघत उभे असतात. क्षितिज म्हणजे पलीकडचं कार पार्क. त्या दिवशी हे सगळे तळ्यातले खलाशी बेटावरचे खेळ खेळायला जमले होते. धोंड्याऐवजी वाळूची पिशवी होती, वर लिहिलेलं की उचलताना गुडघे वाकवा. भाल्याच्या टोकाला रबर. खांबावर खरा नारळ होता, पण त्याला खाली जाळी, आणि जाळीपाशी पिवळं जाकीट घातलेला एक माणूस, नारळ कुणाच्या डोक्यात पडू नये याची जोखीम सांभाळत. आणि कावडीची शर्यतही होती हो! सुपरमार्केटची केळी, प्रत्येकावर कंपनीचं स्टिकर. टोपीवाला एक निवृत्त गृहस्थ कावड घेऊन पळाला, त्याची केळी सांडली, आणि तो थांबून एकेक उचलायला लागला. पिवळ्या जाकिटवाला ओरडला, "सोडा हो ती, पळा!" तो म्हणाला, "अहो, चांगली केळी आहेत!" आणि बाबा, मी टाळ्या वाजवल्या. मला कळायच्या आत वाजवल्या. नातीने माझ्याकडे चमकून बघितलं.

होड्यांची व्यवस्था बघणारी बाई साठीची असेल, ताहितीच्याच बाजूच्या कुठल्याशा बेटावर जन्मलेली. नॉटिंगहॅमच्या सरकारी हॉस्पिटलात लोकांचे खांदे-गुडघे हलवून देण्याचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गाडीमागे ट्रेलरवर होड्या बांधून गावोगाव हिंडते. दणकट, आवाज असा की तळ्यातली बदकं रांगेत यावीत. तिने सहा जणांना गोळा केलं, स्वतः मागे सुकाणूला बसली आणि म्हणाली, "चला, बसा." उलांडी डावीकडे. फायबरची, पांढरी, पण उलांडीच. मी पाय टाकला, बसले, वल्हं घेतलं. आणि बघते तर त्या बाईचं तोंड माझ्यासमोर.



"बसायची ही कुठली पद्धत?" तिने विचारलं.

"वडिलोपार्जित आहे," मी म्हटलं.

मागून, म्हणजे पुढून, नातीचा आवाज आला. "आई! तू उलटा बसला!" आणि ती आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखी हसली, तुम्हाला कधी न पाहता, अगदी आडवी होऊन, इतकी की उलांडी पाण्यातून वर उचलली गेली आणि ती बाई गरजली, "डावीकडे झुका, सगळे डावीकडे!" अंगाला कळत होतं ना बाबा, कुठे तोंड करायचं ते. पाटावर मी दर सुट्टीत तुमच्याकडे तोंड करूनच बसले होते. होडी कुठे चाललीय ते मला कधी दिसलंच नव्हतं, तुम्ही तेवढे दिसायचात.

मी फिरून बसले. बाकीच्या होड्यांशी शर्यत झाली. आमच्या होडीत मी, माझी मुलगी, दोन टोपीवाले आणि एक अकाउंटंट जोडपं, जे प्रत्येक वल्ह्याला एकमेकांची चूक काढत होतं. आम्ही शेवटचे आलो. बाबा, पाण्यात शिरणाऱ्या त्या सहा वल्ह्यांचा आवाज जेव्हा एकदाच, फक्त एकदाच एका ठोक्यावर आला ना, तेव्हा होडी सुळकन पुढे सटकली. मी पन्नाशीची, ब्लडप्रेशरची गोळी घेणारी बाई, मिल्टन कीन्सच्या तळ्यात ओरडले, "हय्या!" त्या अर्ध्या तासात मला डिशवॉशर आठवला नाही, नवरा आठवला नाही, आणि खोटं कशाला बोलू, आईही आठवली नाही. आणि त्यामुळे त्यांतलं कुणी मला कमी झालं असंही नाही. काठावर आल्यावर हे सुचलं आणि मी जरा वेळ पाण्यातच उभी राहिले. म्हटलं, हिशेब इतका साधा असेल तर आपण उगीच इतकी वर्षं त्या वाळूचा मत्सर केला.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. लोक चहाच्या तंबूकडे गेले. ती बाई नळाला पाइप लावत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "तुमच्याकडे हरलेल्यांनी जिंकलेल्यांची होडी धुवायची रीत आहे ना?"

"हरलेल्यांनी? कोण म्हणालं?"

मी तिला तुमचं सगळं सांगितलं. उलटं बसणं, शंख, सोडण, भोंगा. उलटं बसण्यावर ती पोट धरून हसली. मग सोडणावर आली तशी थांबली.

"धुवायला त्यांना कुणी सांगितलं म्हणालीस?"

"सुकाणूवरच्या म्हाताऱ्याच्या बायकोने. दंड धरून नेलं."

"मग ती शिक्षा नव्हती गं," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या घरी तरी पाहुण्याला होडीला हात लावू देत नसत. पाहुण्याने बसायचं, आधी खायचं, माळा घालून घ्यायच्या. होडी धुवायचं काम घरच्यांचं. आजी ज्याच्या हातात ते सोडण देई, तो घरचा झाला. तुझे वडील शर्यत हरले म्हणून नाही धुवत होते. त्यांना पाहुणेपणातून काढलं होतं."

आणि मला आपली मोरी दिसली, बाबा. दुपारची वेळ आहे, आई बाजारात गेलीय. तुम्ही मोरीत उकिडवे बसून मोठं पातेलं घासताय. राख, नारळाचं सोडण, कोपरापर्यंत काळे हात, आणि तोंडाने कसलंसं गाणं. तुम्हाला इतकं खुशीत मी त्या घरात क्वचितच पाहिलंय. आई दारातूनच ओरडते, "रवांदे ओ! चार दिसांचे पावणे तुमी, तुमका कशाक व्हयी ही कटकट?" पिशवी टाकून धावते, तुमच्या हातातून पातेलं घेते. तिचा जीव होता तुमच्यावर. तुम्ही दहा महिने लोखंड घासून येता, घरी तरी हात कोरडे राहावेत, एवढंच तिला वाटायचं. तुम्ही उठता, हात धुता, पडवीत येऊन तुमच्या खुर्चीत बसता. ती खुर्ची दहा महिने पुसून रिकामी ठेवलेली असायची, आम्ही कुणी तिच्यात बसायचो नाही. त्या खुर्चीत बसून तुम्ही तुमच्याच घराकडे बघता, चहा येईल का म्हणून वाट बघणाऱ्या माणसासारखे. आम्ही कमी पडलो नव्हतो बाबा. आम्ही जरा जास्तच झालो होतो. आम्ही तुम्हाला आमच्या होडीला हातच लावू दिला नाही. आणि तिथे कुणा परक्या बाईने एका दुपारात तुम्हाला घरचं केलं, आणि तेही तुम्हाला शिक्षा वाटली, आणि तेवढ्यात भोंगा झाला. त्या खाटेवर तुम्ही काय सांगत होतात ते तुम्हाला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला मात्र आता निदान राग येत नाही.

मी त्या बाईला म्हटलं, पाइप द्या. तिने आधी नकोच म्हटलं, पाहुणी म्हणून. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्पंज हातात ठेवला. मी उलांडीकडे वळले. आडव्या दांड्यांच्या खालून हात घालून, जिथे तळ्याचं हिरवं शेवाळ चिकटलं होतं तिथपासून सुरुवात केली. नात चहा घेऊन आली, बघत उभी राहिली.

"आई, मी करू?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. राहू दे गं, तू दोन दिवसांची आलेली. जिभेच्या टोकापर्यंत आलं, अगदी आईच्या सुरात. मी ते गिळलं.

"उजवी बाजू तू घे," मी म्हटलं. "डावी माझी आहे. तिला हात लावायचा नाही."

तिने चहा गवतावर ठेवला आणि बाह्या वर केल्या. आम्ही धुतली, बाबा. नीट धुतली. उलांडीचा तळ, दांड्या, दोरीचे वेढे, सगळं. गोड्या पाण्याने.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. डिशवॉशरच्या वॉरंटीचे कागद ज्या खणात आहेत त्यातच ठेवते, मुदत दोघांचीही संपलेली. नात काल संध्याकाळच्या गाडीने मँचेस्टरला गेली. जायच्या आधी जेवण झालं, इंजिनिअर अर्थातच आलेला नाही, आणि मी तिला म्हटलं, भांडी तुझ्याकडे. ती खूश झाली की नाही सांगता येत नाही. पण कुठलंसं गाणं म्हणत होती. आता एक सांगून टाकते. तिने कढई काही नीट घासलेली नाही. कडेला तेलाचा गोल तसाच आहे, इथे बसून मला दिसतोय. हे पत्र लिहिता लिहिता मी दोनदा कढईपर्यंत उठून गेले. दोन्ही वेळा हात न लावता परत आले.